धरायला कोण येतंय?

आमच्याकडं एक्स-रेला फोटो म्हणतात. पायाचा फोटो काढला, छातीचा फोटो काढायला सांगितलाय, असं. आणि लग्नातल्या फोटोत जसं सगळ्या भावकीला उभं राहायचं असतं, तसं दवाखान्यातल्या या फोटोलाही सगळ्या भावकीला आत जायचं असतं. पेशंट एक आणि त्याच्या भोवती माणसं बारा. कुणी मागं राहिलं तर पुढं वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, की आमचा माणूस विव्हळत होता आणि हा बाहेर चहा पीत होता. या रीतीचा मला इतका राग आहे, की आजही कुणी 'जरा धरायला चल' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मी शहराच्या कडेला, बजाजनगरात खानावळ चालवते. कंपनीतली माणसं जेवायला येतात. माझा स्वभाव तापट आहे हे त्यांना माहीत आहे. पोळीला नावं ठेवणाऱ्याला मी ताटावरून उठवलेलं आहे. तरी माणसं येतात, कारण वरण चांगलं असतं आणि घरापासून लांब राहणाऱ्याला कुणीतरी रागवणारं लागतं. हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढं मी जो आरडाओरडा केला तो काही माझ्यासाठी नवा नव्हता. घरच्यांसाठीही नव्हता.

माझं माहेर कन्नड तालुक्यातल्या पिशोरचं. आमची शेती आहे, अद्रक असते. धाकटा भाऊ शेती बघतो आणि कन्नडला एका शाळेत क्लार्क आहे. गेल्या थंडीत अद्रक धुवायचं काम चालू होतं. आबा, म्हणजे माझे वडील, हौदाच्या कडेला उभे राहून सगळ्यांना सूचना देत होते. हौदाच्या कडेला चिखल असतो हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं आणि स्वतः तिथंच घसरले. खुब्यावर पडले. उठताच येईना. मग त्यांना जीपमध्ये आडवं घातलं, आणि जीपमध्ये जितकी मावली तितकी भावकी घेऊन सगळे शहरात आले. मी बजाजनगरातून रिक्षानं पोचले तेव्हा हाडांच्या एका खाजगी दवाखान्याचा व्हरांडा आमच्याच माणसांनी भरलेला होता. माय होती, भाऊ होता, भावजय होती, दोन चुलते, एक चुलतभाऊ आणि शेजारचा एकजण, जो का आला होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एक्स-रेची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. दार जाड होतं, पण उघडं. ते आपोआप मिटू नये म्हणून खाली एक खाकी, जडशीळ पिशवी लावलेली होती. दारावर लाल अक्षरांत मराठीत लिहिलं होतं, गरोदर स्त्रियांनी आत येण्यापूर्वी सांगावं. त्याच्यावर तीन पात्यांचं ते धोक्याचं चिन्ह. गर्दीत घामेजलेल्या थोरल्या चुलत्यांनी ते बघून विचारलं, "आत पंखा हाय म्हनं, मग एवढं गरम काहून होऊ राह्यलं?" सगळे हसले. मीही हसले.

मग आतून तंत्रज्ञ ओरडला, "धरायला कोण येतंय?"

हे वाक्य मी विसरणार नाही. चाळिशीचा, घामेजलेला माणूस. रोज दिवसभर हेच वाक्य म्हणून म्हणून त्याच्या आवाजातला प्रश्न झिजून गेला होता. आमच्याकडून कुणी विचारलं नाही की बाबा, किती जण, कुणी यायचं, कुणी नाही यायचं. सगळे उठलेच. थोरल्या चुलत्यांनी खांदा धरला, चुलतभावानं कंबर धरली. भाऊ तेवढ्यात औषधं आणायला खाली गेला होता. तंत्रज्ञ म्हणाला, पाय आतल्या बाजूला वळवून घट्ट धरायला लागंल, आणखी एकजण द्या. चुलत्यांनी भावजयीकडं बघितलं.

"सूनबाई, तू धर पाय."

माय बाकावरून अर्धी उठली. "तिला ऱ्हाऊ द्या ना. गडीमाणसानं धरा."

"सुनेनं नाय धरायचं तं कुणी धरायचं?" चुलते म्हणाले. "पायच तं धरायचेत सासऱ्याचे."

माय परत खाली बसली. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. मला वाटलं नवऱ्याच्या काळजीनं. भावजय आत गेली.

किरणं अडवणारा शिशाचा एप्रन खोलीत होता. तो घडी घालून तंत्रज्ञाच्या स्टुलावर ठेवला होता, बसायला मऊ लागावं म्हणून. कुणाच्या अंगावर तो आला नाही. तंत्रज्ञ काचेच्या आडोशामागं गेला, बटण दाबलं, बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा हिल गये. फिरसे." आबा दुखण्यानं हलत होते, त्यात त्यांचा काय दोष. दुसऱ्यांदाही हलले. तिसऱ्यांदा फोटो नीट आला. तोवर भावजय वाकून, तोंड बाजूला वळवून, दोन्ही हातांनी त्यांचं पाऊल धरून उभी होती. तिचं तोंड दाराकडं होतं आणि उघड्या दारावरच्या पाटीवर तिची नजर होती. तेव्हा मला ते नुसतं दिसलं. कळलं काहीच नाही.

आबांचं ऑपरेशन झालं. खुब्यात रॉड बसला. त्या दिवसांत भाऊ दवाखान्यात राहायचा, आणि माय आणि भावजय माझ्याकडं. भावजय रिकामी बसणारी नाही, कामाची आहे, लगेच खानावळीत वाढायला लागली. एका दुपारी एक जुनं गिऱ्हाईक जेवत होतं. कंपनीत फिटर आहे, बोलायला सांगावं लागत नाही. त्यानं आबांची चौकशी केली आणि एक्स-रेचा विषय निघाला.

"आमच्याकडं वेल्डिंगचा फोटो काढतात ना ताई, तवा लांबपर्यंत दोरी बांधतात. लाल दिवा लावतात. एक माणूस जवळ ठेवत नाय. त्या किरणांनी लई वाईट होतं म्हणतात. बाईच्या पोटात असन तं लेकरू वाकडंच निघतं."

भावजयीच्या हातात वरणाचं पातेलं होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि आत निघून गेली. मी मागं गेले तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती.

"ताई, मला दिवस गेलेत."

याआधी तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिले नव्हते. दुसऱ्या वेळी आमच्या गावानं शोध लावला होता, की आधीच सगळीकडं बोभाटा केला म्हणून नजर लागली. त्यामुळं या खेपेला मायनं तिला ताकीद दिली होती, पाचवा सरेपर्यंत कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. नवऱ्याला माहीत, सासूला माहीत, बस. मला नाही, आबांना तर नाहीच. म्हणजे त्या दिवशी व्हरांड्यात माय पदर तोंडात धरून बसली होती ती नवऱ्याच्या काळजीनं नव्हे. तिला माहीत होतं. आणि भावकीसमोर तोंड उघडता येईना म्हणून ती खाली बसली होती.

"दारावरची पाटी वाचली होतीस?" मी विचारलं.

"वाचली होती."

"मग?"

"आबा होते ना तिथं. चुलत सासरे होते. त्यांच्यासमोर कसं सांगू, ताई?"

बी.ए. झालेली पोरगी. पाटी मराठीत, अक्षरं हाताएवढी. तिनं ती वाचली, अर्थ कळला, आणि सासऱ्याचा पाय धरून तशीच उभी राहिली, कारण सासऱ्यासमोर 'मी गरोदर आहे' म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. तिचा नाही, म्हणजे तिचाही थोडा, पण खरा राग आला तो या लाजेचा. आमच्याकडं गाय गाभण राहिली की चावडीपर्यंत खबर जाते आणि सुनेचं सांगायला पाचवा महिना सरावा लागतो.

मी मायवर ओरडले. गिऱ्हाईकं हातातला घास धरून ऐकत राहिली. माय म्हणाली, "मला काय ठावं गं बाई, फोटोनं कुणाला काय होतं? हात तं लावत नाय ते मशीन."

इथवर सगळी बेफिकिरी होती. त्या दुपारपासून भीती सुरू झाली, आणि भीती बेफिकिरीपेक्षा जास्त मूर्ख निघाली.

आबांना दवाखान्यातून सोडलं. जिन्याचा त्रास नको आणि दवाखाना जवळ पडावा म्हणून ते माझ्याकडंच, पुढच्या खोलीत राहिले. मायनं आता उलटा नियम काढला. आबांच्या अंगात किरणं शिरलीत, म्हणून सुनेनं त्यांच्या जवळ जायचं नाही. त्यांचं अंथरूण वेगळं धुवायचं. ताट मायनं नेऊन ठेवायचं आणि भावजयीनं स्वयंपाकघराच्या दारातच थांबायचं. जिथं लांब राहायला हवं होतं तिथं तिला ढकललं, आणि जिथं काही भीती नव्हती तिथं सोवळं सुरू केलं.

त्याच आठवड्यात भाऊ एका ओळखीच्या डॉक्टरकडं जाऊन आला. कुठं, कुणाकडं, ते मी लिहीत नाही. त्या डॉक्टरनं भावजयीला समोर बसवलंही नाही. भावानं उभ्या उभ्या सांगितलं, त्यानं उभ्या उभ्या ऐकलं आणि म्हणाला, एक्स-रे झालाय तर रिस्क कशाला घेता, वय लहान आहे, पुढच्या वेळी बघू. चिठ्ठी लिहून दिली. भाऊ गोळ्या घेऊनच आला. शर्टाच्या खिशात पाकीट होतं आणि तोंड उतरलेलं होतं.

"ताई, डॉक्टर म्हणले खाली केलेलं बरं. वेडंवाकडं लेकरू झालं तं जन्मभर..."

"त्यानं तिला तपासलं?"

"नाय."

"कुठं उभी होती विचारलं? फोटो कुणाचा काढला विचारलं?"

"नाय ना, ताई. पण शिकलेला माणूस हाय."

भावजय दारात उभी होती. तिसऱ्यांदाही तिचं लेकरू जाणार होतं, आणि या खेपेला नजर लागून नाही, आम्ही आमच्या हातानं घालवणार होतो. तिनं पोटावर हात ठेवला नव्हता की काही नाही. ती फक्त त्या खिशाकडं बघत होती.

मला किरणांतलं तेव्हा ओ की ठो माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं, की पोळी करपली की नाही ते सांगायला आधी तवा बघावा लागतो. या माणसानं तवाच बघितला नव्हता. मी भावाच्या खिशातून पाकीट काढलं आणि खरकट्याच्या बादलीत टाकलं. वर ताटातलं उष्टं वरण ओतलं.

"उद्या आपण नीट डॉक्टर बाईकडं जायचं," मी म्हटलं. "ती सांगंल ते करायचं. तिनं खाली करा म्हटलं तर मी स्वतः पाया पडून आणीन गोळ्या. पण विचारल्याबिगर नाही."

शहरातल्या एका जुन्या, मोठ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडं मी तिला नेलं, भाऊ आणि माय बरोबर होतेच. त्यांच्याकडं नंबर लागायला वेळ लागतो आणि त्या फटकून बोलतात, म्हणून मला त्या आवडतात. त्यांनी भावजयीला समोर बसवलं आणि आम्हा बाकीच्यांना गप्प केलं. कितवा आठवडा असंल, पाळी कधी चुकली, फोटो कुणाचा, कुठल्या भागाचा, किती वेळा, मशीनचं तोंड कुठं होतं, तू कुठल्या बाजूला होतीस, किती लांब, मशीनच्या उजेडाचा जो चौकोन पडतो त्यात हात आले होते का, सगळं विचारलं. एक शब्दही घाई नाही. मग त्यांनी दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्याच्या एक्स-रे विभागातल्या त्यांच्या ओळखीच्या तज्ज्ञाला फोन केला आणि तेच सगळं त्याला सांगून त्याचंही मत घेतलं.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "किरणं तुझ्यावर नव्हती सोडलेली. सासऱ्याच्या खुब्यावर होती. त्यांच्या अंगावरून जी थोडी इकडंतिकडं उसळली तेवढीच तुझ्यापर्यंत आली. त्यातली पोटाच्या आत पोचणार ती त्याहून थोडी. एवढ्यानं बाळ वाकडं होतं असं म्हणायला काहीही आधार नाही. यासाठी मूल पाडायचं नसतं. ज्या बाईच्या स्वतःच्या पोटाचा एक्स-रे निघाला, तिलाही आम्ही लगेच पाडा म्हणत नाही, आधी हिशोब करतो किती गेलं त्याचा."

भाऊ पुढं सरकला. "पण मॅडम, कंपनीत तं दोरी बांधून..."

"बांधणारच. लोखंडाच्या आरपार जायला लागणारी किरणं फार जोराची असतात. तिथं चूक झाली तर माणूस हातापायाला मुकतो, जीवही जातो. ती आणि ही एक नव्हेत." मग त्यांचा आवाज चढला, आणि मला बरं वाटलं, कारण इतक्या दिवसांत रागावलेलं दुसरं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. "पण म्हणून हिनं तिथं उभं राहावं? अजिबात नको. काही झालं नाही हे खरं, आणि हे घडायला नको होतं हेही खरं. पोटात मूल असताना शक्य आहे तिथं एक कणही कशाला घ्यायचा? तापलेल्या कढईपाशी जसं वागतो तसं वागायचं. लांब उभं राहायचं, जवळ कमी वेळ थांबायचं, आणि मध्ये आडोसा ठेवायचा. धरायलाच हवं असेल तर गरोदर नसलेल्या मोठ्या माणसानं एप्रन घालून धरायचं. आणि रोज तोच माणूस नको."

मायनं मान खाली घालून विचारलं, "मालकांच्या अंगात राह्यलं नाय ना काही?"

"बटण सोडलं की संपलं. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का? त्यांच्या हातचं खा, त्यांच्याजवळ बसा."

बाहेर आल्यावर भावजय पायऱ्यांवर बसून रडली. माय तिच्या शेजारी बसली आणि तिनं तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. भाऊ रिक्षा बघायला म्हणून लांब जाऊन उभा राहिला. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते. पण त्याची पाठ हलत होती, म्हणून राहू दिलं.

माझा राग मात्र काही गेला नव्हता. तो घेऊन मी त्या हाडांच्या दवाखान्यात गेले. जेवणाची वेळ होती, तंत्रज्ञ एकटाच डबा खात होता. एप्रन स्टुलावरच होता. घडी घालून घालून त्याच्या मधोमध चिरा गेल्या होत्या. मी विचारलं, दारावर पाटी लावता आणि बाईला तोंडानं विचारत का नाही?

त्यानं डबा बाजूला ठेवला. "विचारलं होतं ना एकदा. एका बाईला म्हटलं, ताई, प्रेग्नंट आहात का? तिच्या दिरानं कानाखाली दिली. आमच्या बाईला असं विचारतो म्हणून. तवापासून पाटी आहे, वाचायची तं वाचा."

मग तो स्वतःच म्हणाला, एकाला आत बोलवावं तर चारजण घुसतात, दार लावलं तर बाहेरून धडका देतात, आमच्या बापाला आत कोंडून काय करू राह्यले म्हणून. त्याच्या छातीवर बिल्ला नव्हता. किरणं किती लागली ते मोजायचा बिल्ला त्यांना मिळतो, हे त्या डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं. मी विचारलं तेव्हा त्यानं टेबलाचा खण उघडून दाखवला. बिल्ला नवाकोरा, खणात. हरवला तर साहेब बोलतात म्हणून.

"अहो, आम्ही एकदा येऊन जातो," मी म्हटलं. "तुम्ही रोज इथं. थोडं थोडं नुकसान साठत जाणार ते तुमच्यात. लेकरंबाळं आहेत का?"

"आहेत."

"मग लावा तो आधी."

त्यानं लावला. मी समोर होते म्हणून लावला असंल. जाता जाता माझा पाय दाराखालच्या त्या खाकी पिशवीला अडखळला. ही कशाची म्हणून विचारलं तर म्हणाला, वाळूची. पेशंटचा पाय हलू नये म्हणून त्यावर ठेवायला असते. अशा दोन आहेत, शिवाय बांधायचा पट्टाही आहे. पट्टा कपाटात आहे, एक पिशवी दाराला, आणि दुसरी कुठं आहे ते बघावं लागंल.

म्हणजे भावजयीच्या दोन हातांचं काम करायला वाळूची पिशवी खोलीतच होती. ती दार उघडं धरून होती. आणि आम्ही आमची सून पाय धरायला लावली होती. मी साहेबांच्या केबिनपर्यंत गेले, तिथंही बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची दिली, म्हणजे काही होणार नाही हे मला कळलं.

आबांना यातलं काही माहीत नव्हतं. एका सकाळी मी त्यांना चहा द्यायला गेले तर ते भिंतीकडं तोंड करून पडलेले.

"काय गं बाई," ते म्हणाले, "सून जवळ येत नाय माझ्या. लांबून बघती. म्या काही वावगं बोललो का तिला?"

मायचं सोवळं सुटलं होतं, पण भावजयीचा संकोच सुटला नव्हता. मी चहा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. माय दारातून डोळे मोठे करून खुणावत होती, बापाला असलं कुणी सांगतं का म्हणून. मी मायकडं बघून आणखी मोठ्यानं सांगितलं. दिवस गेलेत, तिसरा महिना आहे, तुमचा पाय धरताना लेकरू पोटात होतं, पाटी तिनं वाचली होती, तुमच्या लाजेनं बोलली नाही, आणि नंतर आम्ही ते लेकरू पाडायला निघालो होतो.

आबांनी टॉवेल तोंडावर ओढला. मग टॉवेलाच्या आतूनच म्हणाले, "म्या हाललो म्हणून तीनदा काढावा लागला."

"तुमची काही चूक नव्हती."

"मह्या लाजेनं?" त्यांनी टॉवेल बाजूला केला. डोळे लाल होते. "मी काय वाघ हाय का? घरात येणाऱ्या लेकराची खबर मलाच नाय, अन् घालवायची तयारी झाली? कुणी केली ही रीत? मह्या बापानं तं केली नव्हती. त्यानं केली असन तं मोडा ती."

माझा तापटपणा कुठून आला ते त्या दिवशी सगळ्या घराला आठवलं.

पुढं आबांना तपासणीसाठी परत न्यायचं होतं आणि फोटो काढायचाच होता. मी म्हटलं, मी आणि भाऊ बस झालो. पण भावजय म्हणाली मीही येते, मी लांब बसेन. माय तिच्याबरोबर निघाली. चुलत्यांना खबर लागली, तेही आले. व्हरांडा तसाच गच्च होता. भावजय दुसऱ्या टोकाला, जिन्याजवळच्या बाकावर बसली. आबा व्हीलचेअरमध्ये, मांडीवर दोन्ही हात.

आतून तोच आवाज आला, "धरायला कोण येतंय?"

चुलते सवयीनं पुढं झाले. आबांनी हात आडवा केला.

"कुणी येत नाय. ती वाळूची थैली लाव मला. दार लावून घे."

तंत्रज्ञानं दाराखालची पिशवी उचलली. त्याच्या छातीवर बिल्ला होता. दार आपोआप मिटायला लागलं, तेवढ्यात आबांनी चाकं अडवली आणि खुर्ची व्हरांड्याकडं वळवायला लावली. आमच्या मागं दुसऱ्या एका गावची माणसं उभी होती, त्यांचाही कुणी म्हातारा स्ट्रेचरवर होता. आबांचा आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधाला जाणारा.

"ऐका रे सगळे. या खोलीत जी किरणं सोडतात ती पोटातल्या लेकराला बरी नसतात. कुण्या बाईला दिवस गेले असतील तं तिनं आत जाऊ नये. लाजू नका. मही सून लाजली. तिला कुणी इचारलं नाय, अन् मह्यामुळं तिनं सांगितलं नाय."

थोरले चुलते जमिनीकडं बघायला लागले. एका पुरुषाच्या तोंडातून 'काय माणूस आहे' असं काहीतरी निघालं. माझ्या बापानं दिवस जाण्याचा विषय परक्या बायांसमोर कधी काढला नव्हता. आमच्या वेळी माझ्या मायशीसुद्धा काढला नसेल. ते तसेच बसून राहिले, लाजेनं कानापर्यंत लाल झालेले, पण मान खाली घातली नाही.

तेव्हा त्या दुसऱ्या म्हाताऱ्याच्या स्ट्रेचरपाशी उभी असलेली एक पोरगी हलली. विशीची असेल. डोक्यावर पदर. म्हाताऱ्याचा हात तिनं धरलेला होता, तो तिनं हळूच त्याच्या छातीवर ठेवला आणि मागं सरकली.

"काय गं?" तिची सासू म्हणाली. "कुठं निघाली?"

खाली मान घालून माणसांमधून वाट काढत पोरगी जिन्याच्या टोकाकडं चालत गेली. सासू तिच्या पाठीकडं बघत राहिली. कळायला तिला थोडा वेळ लागला.

भावजयीनं बाकावर सरकून त्या पोरीला जागा करून दिली.